बंदरावरचे सहा तास: मलाक्काच्या सामुद्रधुनीतील क्रूझवर पक्षीनिरीक्षण कसे करावे

सिंगापूरहून निघून पेनांग, लंकावी, फुकेत यांपैकी दोन-तीन बंदरे करून परत सिंगापूरला येणारी चार-पाच रात्रींची क्रूझ महाराष्ट्रातल्या अनेक कुटुंबांच्या आता चांगली परिचयाची झाली आहे. दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीत या जहाजांच्या जेवणघरात मराठी सहज कानावर पडते. ही सगळी बंदरे पक्ष्यांच्या दृष्टीने संपन्न मुलखात आहेत. काही ठिकाणी तर धक्क्यावरून पाऊण तासाच्या अंतरावर धनेश उडताना दिसतात. तरीही घरी नेमाने पक्षीनिरीक्षण करणारी माणसे या प्रवासाला निघताना दुर्बीण कपाटात ठेवून जातात, कारण ‘एवढ्याशा वेळात काय दिसणार’ असे त्यांना वाटते. हा लेख त्यांच्यासाठी आहे. मी हा मार्ग तीन वेळा केला आहे आणि माझे ठाम मत झाले आहे की तिथे टंचाई पक्ष्यांची नसते, वेळेची असते. म्हणून पुढची सगळी तयारी एकाच गोष्टीभोवती आखलेली आहे: एका बंदरावर एकच जागा ठरवावी आणि जहाजातून उतरल्यापासून त्या जागी पोहोचेपर्यंतचा वेळ शक्य तितका वाचवावा.

आधी वेळेचा हिशेब

माहितीपत्रकात ‘आगमन ८.००, प्रस्थान १७.००’ असे छापलेले असले, तरी त्याचा अर्थ नऊ तास हातात आहेत असा होत नाही. जहाज धक्क्याला लागल्यावर बंदरातील अधिकाऱ्यांची तपासणी होते, त्यानंतर उतरण्याचा जिना उघडतो आणि मग दोन-तीन हजार प्रवासी एकाच दाराकडे येतात. यात पाऊण ते एक तास सहज जातो. परतीची अंतिम वेळ प्रस्थानाच्या अर्धा ते एक तास आधीची असते. तिच्याही एक तास आधी आपण धक्क्यावर असावे, हा मी स्वतःला घालून घेतलेला नियम आहे, कारण स्वतंत्रपणे फिरायला गेलेल्या प्रवाशासाठी जहाज थांबत नाही. जहाजाच्या स्वतःच्या सहलीची बस उशिरा आली तर थांबतात. आपल्या टॅक्सीसाठी थांबत नाहीत. म्हणजे कागदावरच्या नऊ तासांतून प्रत्यक्षात सहा तास उरतात. त्यातला जाण्यायेण्याचा वेळ दीड तासापेक्षा जास्त होत असेल तर ती जागा कितीही नावाजलेली असली तरी सोडून द्यावी.

दुसरा हिशेब घड्याळाचा आहे आणि तो बहुतेकांच्या लक्षात येत नाही. सिंगापूर आणि मलेशिया भारतापेक्षा अडीच तास पुढे आहेत, तर थायलंड दीड तास पुढे. म्हणजे लंकावी आणि फुकेत ही एकाच समुद्रातली शेजारची बंदरे असूनही त्यांच्या घड्याळांत एक तासाचा फरक आहे. जहाजावर मात्र ‘जहाजाची वेळ’ चालते, ती स्थानिक वेळेप्रमाणे बदलेलच असे नाही. मोबाइल आपोआप स्थानिक वेळ दाखवतो, म्हणून मनगटावर साधे घड्याळ घालावे, ते जहाजाच्या वेळेवर ठेवावे आणि परतीची वेळ त्या घड्याळावरच मोजावी.

याच फरकाचा आपल्याला फायदाही होतो. मलेशियाने आपले घड्याळ सूर्याच्या बरेच पुढे ठेवले आहे. त्यामुळे लंकावीला किंवा पेनांगला सूर्योदय सव्वासात-साडेसातच्या सुमारास होतो आणि सूर्यास्तही संध्याकाळी तितक्याच उशिरा. सकाळी आठला जहाज लंकावीला लागले तर उजाडून तासही झालेला नसतो. पक्ष्यांच्या दृष्टीने ती अजून पहाटच असते. फुकेतला सूर्य सहा ते पावणेसातच्या दरम्यान उगवतो, म्हणून तिथे आठ वाजता उतरणाऱ्याच्या हातून सकाळचा उत्तम भाग निसटू लागलेला असतो. बंदर दुपारचे असेल, आणि पेनांगचे पुष्कळदा तसे असते, तर उतरायची घाई करू नये. एक ते साडेतीनच्या उन्हात विषुववृत्ताजवळचे जंगल गप्प असते. जेवून, थोडी विश्रांती घेऊन चारला निघावे. सातपर्यंत उजेड मिळतो.

कोणत्या महिन्यात जावे

उत्तरेकडून येणारे स्थलांतरित पक्षी या किनाऱ्यावर साधारण सप्टेंबरपासून एप्रिलपर्यंत असतात. म्हणून दिवाळीची सुट्टी पाणथळीच्या पक्ष्यांसाठी चांगली आणि मेची सुट्टी तितकीशी नाही. तरी मेमध्ये जाणाऱ्यांनी निराश होऊ नये, कारण धनेश, खंड्या, हिरवी कबुतरे, शिंजीर हे तिथले कायमचे रहिवासी आहेत. लंकावी आणि फुकेत यांना मे ते ऑक्टोबर नैर्ऋत्य मोसमी पावसाचा आणि खवळलेल्या समुद्राचा त्रास असतो. ज्या बंदरावर जहाज खोल पाण्यात नांगर टाकून प्रवाशांना लहान बोटींनी किनाऱ्यावर नेते, तिथले थांबे या काळात रद्द होऊ शकतात. बुकिंग करतानाच प्रत्येक बंदराबद्दल ‘धक्का की छोटी बोट’ हा प्रश्न विचारावा. छोट्या बोटीचे बंदर असेल तर एकूण वेळेतून आणखी एक तास वजा करावा.

घरी करायची तयारी

भारतीय पारपत्रावर सिंगापूरला व्हिसा लागतो. जहाज सिंगापूरहून निघून सिंगापूरलाच परत येत असल्यामुळे तो एकापेक्षा जास्त वेळा प्रवेश देणारा असावा. मलेशिया आणि थायलंडचे नियम अलीकडे वारंवार बदलले आहेत, म्हणून ते बुकिंगच्या वेळी आणि निघण्याच्या आठवड्यात असे दोनदा पाहावेत.

त्यानंतर मोबाइलवर पक्षी ओळखून देणारे ‘मर्लिन’ आणि पक्ष्यांच्या नोंदी ठेवणारे ‘ईबर्ड’ ही दोन ॲप घ्यावीत. दोन्ही मोफत आहेत आणि कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षीविज्ञान प्रयोगशाळेने तयार केलेली आहेत. मर्लिनमध्ये त्या त्या प्रदेशाचे संच घरच्या वायफायवर उतरवून घ्यावेत, कारण जहाजावरचे इंटरनेट महाग आणि मंद असते. एकदा संच उतरवला की ॲप इंटरनेटशिवायही आवाज ओळखते. ईबर्डवर ठरवलेल्या जागेच्या गेल्या दोन-तीन वर्षांतल्या त्याच महिन्याच्या याद्या पाहाव्यात. हे काम अर्ध्या तासाचे आहे आणि त्यातून तिथे खरोखर काय दिसते ते कळते. जाडजूड मार्गदर्शक पुस्तकात मलेशियाचे शेकडो पक्षी असतात. आपल्याला त्यांतले तीस-चाळीसच लागणार आहेत.

हे तीस-चाळीस पक्षी लक्षात ठेवायची माझी पद्धत अशी आहे: घरच्या पक्ष्याच्या शेजारी तिथला भाऊबंद मांडायचा. आपल्या राज्याचा पक्षी हरियाल, म्हणजे पिवळ्या पायांचे हिरवे कबूतर. सिंगापूरच्या रस्त्याकडेच्या झाडांवर त्याचा भाऊ आहे. त्याच्या नराची मान गुलाबी-जांभळी आणि छाती नारिंगी असते. आपला हळद्या डोळ्यापुरती काळी रेघ मिरवतो, तिथल्या हळद्याची काळी पट्टी डोळ्यांवरून मागे मानेपर्यंत जाते. कोकणातल्या देवरायांत दिसणाऱ्या काळ्या-पांढऱ्या धनेशाचा अगदी जवळचा नातेवाईक लंकावीला आणि सिंगापूरलाही आहे. सह्याद्रीत सापडणारा लाल पाठीचा शिंजीर पूर्वी त्या बाजूच्या किरमिजी शिंजिराचाच एक प्रकार मानला जात असे. आता दोन्ही वेगळ्या जाती धरल्या जातात. तो किरमिजी शिंजीर सिंगापूरकर आपला राष्ट्रीय पक्षी समजतात, जरी सरकारी शिक्का त्यावर नाही. अशी पंधरा-वीस नाती घरीच जुळवून ठेवली की तिथे उतरल्यावर पुस्तक उघडावे लागत नाही. फरक कुठे पाहायचा ते आधीच ठाऊक असते.

आपला गावकावळाही तिथे भेटतो. १८९० च्या दशकात कॉफीच्या मळ्यांतल्या सुरवंटांचा बंदोबस्त करण्यासाठी तो सिलोनहून मलायातल्या क्लांगला नेण्यात आला. पुढे तो सगळ्या किनाऱ्यावर पसरला आणि आज तिथल्या शहरांत उपद्रवी पक्षी समजला जातो. उलट, सिंगापूरमध्ये पावलोपावली दिसणारी, काळसर अंगाची आणि पिवळ्या चोचीची जावा साळुंकी पिंजऱ्यातला पक्षी म्हणून तिथे आली आणि फोफावली, पण तिच्या स्वतःच्या जावा बेटावर पकडापकडीमुळे ती संकटात आहे. ही गोष्ट मला प्रत्येक वेळी अस्वस्थ करते.

भरती-ओहोटी पाहिल्याशिवाय चिखलावर जाऊ नये

कोकणातल्या माणसाला तिथी पाऊणपट केली की भरतीची वेळ काढता येते. ते गणित आपल्या किनाऱ्यापुरते आहे. पेनांग, फुकेत आणि सिंगापूर यांच्या भरतीच्या वेळा वेगळ्या असतात, म्हणून त्या त्या बंदराचे भरतीचे कोष्टक उतरवून घ्यावे. अमावास्या-पौर्णिमेला उधाण आणि अष्टमीच्या आसपास भांग हा नियम मात्र तिथेही लागू आहे. उधाणाच्या दिवशी ओहोटीला चिखल इतका लांबवर उघडा पडतो की पक्षी ठिपक्यांएवढे दिसतात.

मोकळ्या चिखलपट्टीवर सर्वांत चांगला वेळ म्हणजे पाणी चढत असताना, पूर्ण भरतीच्या आधीचे दोन तास. पाणी चिखल गिळत येते तसे तुतारी, चिखल्या, कुरल हे पक्षी किनाऱ्याकडे आणि आपल्याकडे सरकत येतात. सिंगापूरच्या सुंगेई बुलोहसारख्या राखीव पाणथळीत गणित उलटे आहे. बाहेरचा चिखल पाण्याखाली गेला की तिथले पक्षी आतल्या तळ्यांवर विसाव्याला येतात, म्हणून तिथे पूर्ण भरतीच्या वेळी जावे. या दोन वाक्यांवर सबंध दिवस यशस्वी किंवा वाया जाऊ शकतो, म्हणून थांब्याच्या वेळेशी भरतीचे कोष्टक घरीच ताडून पाहावे आणि जुळत नसेल तर चिखलाऐवजी बाग किंवा डोंगर निवडावा.

सामान

दुर्बीण ८×४२ असावी, म्हणजे आठपट मोठे दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची. दहापट मोठे दाखवणारी दुर्बीण जहाजाच्या कंपनांत हाताच्या थरथरीलाही दहापट करते आणि जंगलातल्या अंधारात कमी उजेड देते. तिपाई आणि मोठी दूरदर्शी न्यायचा मोह टाळावा. गर्दीच्या जिन्यावरून ती उतरवणे त्रासाचे होते. छत्री, पूर्ण बाह्यांचा सदरा, डासांसाठी मलम, पाण्याची बाटली, जहाजाचे कार्ड, पारपत्राची प्रत आणि जहाजाच्या दैनिक पत्रकात छापलेला बंदर-एजंटाचा दूरध्वनी क्रमांक एवढे बरोबर असले की पुरे. फळे किंवा उघडे खाद्यपदार्थ जहाजावरून किनाऱ्यावर नेऊ नयेत, त्यावर बंदी असते.

एक गोष्ट मी नुकसान सोसून शिकलो. पहिल्या प्रवासात लंकावीला उतरलो तेव्हा दुर्बीण रात्रभर वातानुकूलित खोलीत होती. धक्क्याबाहेरच्या सुरूच्या झाडावर, वीस पावलांवर, पांढऱ्या गळपट्ट्याचा निळा खंड्या बसलेला होता आणि त्याचे खणखणीत ओरडणे चालू होते. दुर्बीण डोळ्याला लावली तर पांढऱ्या धुक्याखेरीज काहीही दिसेना. बाहेरची दमट हवा थंड काचेवर जमून पाणी झाले होते. सदऱ्याने पुसली तर पुन्हा धुके. काच हवेइतकी गरम होईपर्यंत ते जात नाही आणि त्याला वीस-पंचवीस मिनिटे लागली. तोवर खंड्या उडून गेला. तेव्हापासून मी उतरण्याच्या तासभर आधी दुर्बीण आणि कॅमेरा पिशवीत बंद करून उघड्या डेकवर नेतो. पिशवीची चेन एकदम उघडायची नाही. आतली हवा सावकाश बाहेरच्याइतकी गरम होऊ द्यायची. बाल्कनीची खोली असेल तर रात्री सामान बाल्कनीत ठेवू नये, खारा दवओलावा काचेला चांगला नाही.

उतरण्याच्या दिवशी

जहाज बंदरात शिरण्याच्या तासभर आधी डेकवर उभे राहावे. बंदराच्या तोंडाशी ब्राह्मणी घारी, पांढऱ्या पोटाचे समुद्र गरुड आणि तरंगत्या खुणांच्या पिंपांवर बसलेले सुरय दिसतात आणि ते पाहायला कुठेही जावे लागत नाही. नाश्ता त्याआधी उरकलेला असावा. ‘लंकावी’ या नावाचा एक अर्थ तांबूस गरुड असा सांगतात आणि तो तांबूस गरुड म्हणजे आपलीच ब्राह्मणी घार. मुरुडच्या किंवा मालवणच्या बंदरावर माशांवर झडप घालणारी.

कुटुंबाबरोबर प्रवास असेल तर आदल्या रात्रीच स्पष्ट बोलून घ्यावे. सगळ्यांना पहाटे उठवून चिखलाकाठी नेण्यापेक्षा आपण सकाळचे तीन तास एकट्याने किंवा एखाद्या आवड असलेल्या मुलाबरोबर घ्यावेत आणि दुपारी सगळ्यांबरोबर शहरात यावे. एकट्याने जात असल्यास कुठे जाणार, कोणत्या गाडीने आणि कधी परतणार हे घरच्यांना लिहून द्यावे.

गाडीची व्यवस्था आधी करणे उत्तम. तिन्ही देशांत ग्रॅब हे ॲप चालते, शहरातून निघताना गाडी लगेच मिळते. पण डोंगरावरून किंवा पाणथळीवरून परतताना ती मिळेलच याची खात्री नसते. म्हणून अशा ठिकाणी थांबण्याच्या बोलीवर पूर्ण वेळेची गाडी ठरवावी. चार पैसे जास्त जातात, पण परतीची चिंता उरत नाही.

सिंगापूर

इथे बहुतेक जण क्रूझच्या आधी किंवा नंतर एक-दोन दिवस राहतात, तेव्हा हे बंदर सर्वांत निवांत आहे. मरिना बे क्रूझ केंद्राजवळचे मरिना साउथ पियर हे मेट्रो स्थानक आणि सुंगेई बुलोहसाठी लागणारे क्रांजी स्थानक एकाच मार्गावर आहेत. गाडी बदलावी लागत नाही, फक्त प्रवास तासाभराचा आहे आणि पुढे बस किंवा टॅक्सी घ्यावी लागते. सप्टेंबर ते मार्च या काळात भरतीची वेळ साधली तर छोटा कुरल, लाल पायांचा टिलवा, सोनेरी चिखल्या असे पक्षी निरीक्षणाच्या झोपड्यांतून अगदी जवळून दिसतात. तिथल्या खाडीत खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. पायवाट सोडू नये.

हातात फक्त दोन-तीन तास असतील तर बोटॅनिक गार्डन्समध्ये जावे. १८५९ साली स्थापन झालेली ही बाग २०१५ पासून जागतिक वारसा स्थळ आहे, प्रवेश मोफत आहे आणि ती पहाटे पाचला उघडते. तळ्यांवर शिट्टी घालणारी बदके असतात, मोठ्या झाडांवर पोपट आणि हिरवी कबुतरे, आणि आत जुन्या वर्षावनाचा सुमारे सहा हेक्टरांचा तुकडा राखलेला आहे. काळे-पांढरे धनेशही इथे येतात. हा पक्षी सिंगापुरातून एकोणिसाव्या शतकात नाहीसा झाला होता. १९९४ मध्ये उबिन बेटावर एक जोडी दिसली, पुढे झाडांवर कृत्रिम ढोल्या बसवून त्याला मदत करण्यात आली आणि आज तो शहरातल्या इमारतींच्या कठड्यावरही बसतो. सिंगापूरमध्ये कोणत्याही वन्यप्राण्याला, अगदी कबुतरालाही, खायला घालणे २०२० पासून कायद्याने गुन्हा आहे. मुलांना हे आधीच सांगून ठेवावे.

पेनांग

जहाज जॉर्जटाउनच्या स्वेटनहॅम धक्क्याला, म्हणजे शहराच्या मध्यातच लागते. दुपारी उतरून चारच्या सुमारास डोंगराच्या पायथ्याच्या वनस्पती उद्यानात जावे. १८८४ सालचे हे उद्यान तीन बाजूंनी जंगलाने वेढलेले आहे. पल्लवपुच्छ कोतवाल, हळदे आणि नाना जातींचे बुलबुल संध्याकाळी इथे भरपूर असतात. माकडांपासून पिशवी सांभाळावी. पेनांग टेकडीवर जाणारी फ्युनिक्युलर, म्हणजे चढावर दोराने ओढली जाणारी रेल्वे १९२३ पासून चालू आहे आणि वर हवा थंड असते, पण सुट्टीच्या दिवशी तिच्या रांगेत दीड तास जाऊ शकतो. थांबा कमी तासांचा असेल तर माझा सल्ला उद्यानाचाच आहे.

त्यासाठीही वेळ नसेल तर धक्क्यापासून चालत कॉर्नवॉलिस किल्ल्याकडे जावे. समुद्राकाठच्या विस्तीर्ण झाडांवर सूर्यास्ताला लाल डोळ्यांच्या, हिरवट-काळ्या चकाकत्या मैनांचे थवे उतरतात आणि छपरांवर पाकोळ्या घिरट्या घालतात. या पाकोळ्यांच्या लाळेच्या घरट्यांचा व्यापार या भागात मोठा आहे. त्यांच्याच कुळातल्या पाकोळ्यांची वस्ती आपल्याकडे वेंगुर्ल्यासमोरच्या खडकांच्या गुहांत आहे.

लंकावी

सबंध प्रवासात एकाच बंदरावर पूर्ण मेहनत घ्यायची असेल तर ते हे. जहाज बेटाच्या नैर्ऋत्य टोकाशी लागते. तिथून गुनुंग राया या ८८१ मीटर उंच डोंगराच्या माथ्यापर्यंत डांबरी रस्ता जातो आणि गाडीने साधारण पाऊण तासात वर पोहोचता येते. मात्र थेट माथ्यावर जाऊ नये. रस्त्याच्या वरच्या अर्ध्या भागात जिथे झाडी उघडते आणि दरी दिसते अशा दोन-तीन वळणांवर गाडी बाजूला घेऊन, इंजिन बंद करून, प्रत्येक ठिकाणी वीस मिनिटे शांत उभे राहावे. फळे धरलेला वड-उंबर वर्गातला वृक्ष दिसला तर पुढे जाऊच नये, तिथेच थांबावे.

मोठा धनेश दिसण्याआधी ऐकू येतो. दुसऱ्या प्रवासात अशाच एका वळणावर उभा असताना खालच्या दरीतून कोळशाच्या इंजिनासारखा फुसफुस आवाज चढत आला आणि मला वाटले की मागून एखादा ट्रक येत आहे. मग डोक्यावरून, फार तर पंधरा मीटर उंचीवरून, एक जोडी गेली. धनेशाच्या पंखांच्या खालच्या बाजूला पिसांची मुळे झाकणारी लहान पिसे नसतात, म्हणून त्या फटींतून हवा जाताना हा आवाज होतो. मान आणि पंखांवरचा पट्टा पिवळसर दिसला. तो रंग पिसांचा नसून शेपटीजवळच्या ग्रंथीतल्या तेलाचा असतो आणि पक्षी ते चोचीने अंगभर लावतो. हाच पक्षी तिलारीच्या जंगलातही आहे, पण तिथे तो पाहायला मला चार फेऱ्या लागल्या होत्या.

बेटाच्या दुसऱ्या बाजूला किलिमचे खारफुटीचे जंगल आहे. तपकिरी पंखांचा मोठा खंड्या, जो भारतात फक्त पूर्व किनाऱ्यावर भितरकणिका-सुंदरबनच्या बाजूला सापडतो, तो इथे दिसू शकतो. बोट ठरवताना एक गोष्ट आग्रहाने सांगावी: गरुडांना खायला घालायचे नाही. काही बोटवाले पर्यटकांसाठी कोंबडीची कातडी पाण्यात टाकतात, इंजिनाने पाणी घुसळतात आणि पन्नासेक घारी-गरुड खाली येतात. छायाचित्रे छान येतात, पण ते निकृष्ट अन्न आहे आणि शिकार करून जगणाऱ्या पक्ष्यांना ते बोटीमागे धावायला शिकवते. आधी विचारल्यावर ‘खाऊ न घालता नेतो’ म्हणणारे नावाडी मिळतात. थोडे अधिक पैसे देऊन त्यांच्याकडेच जावे, म्हणजे त्यांचा धंदा तसा टिकेल. ध्वनिमुद्रित आवाज वाजवून पक्ष्याला बोलावण्याबद्दलही माझे मत तेच आहे.

फुकेत

जहाज दक्षिणेकडच्या आव माखाम धक्क्याला लागणार असेल तर फुकेत शहराजवळचे सफान हिन गाठावे. तिथे समुद्राकाठची बाग, खारफुटी आणि चिखलपट्टी एकत्र आहेत. जहाज पाटोंगसमोर नांगर टाकणार असेल तर पहिल्या छोट्या बोटीचे तिकीट घेण्यासाठी लवकर रांगेत उभे राहावे, कारण आधी जहाजाच्या सहलींचे प्रवासी सोडले जातात. बेटाच्या ईशान्येला खाओ फ्रा थेओ हे उरलेले वर्षावन आहे, पण पाटोंगहून तिथे जाणे-येणे रहदारीत दोन तासांवर जाते. दीर्घ थांबा नसेल तर पाटोंगच्या किनाऱ्याच्या टोकाशी असलेल्या खडकांवर समुद्री बगळे पाहावेत आणि उरलेला दिवस घरच्यांना द्यावा.

दोन बंदरांच्या मधल्या समुद्रावर

सर्वांत वरच्या डेकवर जाऊ नये. तिथून पाणी फार खाली राहते. चालण्याचा खालचा डेक, जहाजाचा पुढचा भाग आणि सूर्य पाठीशी येईल ती बाजू निवडावी. ही सामुद्रधुनी समुद्रपक्ष्यांनी गजबजलेली नाही, तेव्हा तासाभरात दहा पक्षी दिसले तरी ती चांगली संख्या समजावी. तरंगणारे ओंडके, फळ्या, नारळाच्या झावळ्या यांच्यावर नजर ठेवावी, कारण काळसर पाठीचे सुरय त्यांवर बसून विसावतात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सिंगापूरच्या आसपास पाण्यालगत, पाकोळीसारखा भिरभिरत जाणारा, सगळा गडद तपकिरी लहान पक्षी दिसला तर तो स्विन्होचा वादळपक्षी असण्याची शक्यता आहे. तो जपान-कोरियाच्या बाजूच्या बेटांवर वीण करून हिंदी महासागराकडे निघालेला असतो.

फेब्रुवारीच्या अखेरीपासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत दिवसाउजेडी मलेशियाच्या किनाऱ्यावरच्या पोर्ट डिक्सनजवळून जहाज जात असेल तर आकाशाकडे पाहावे. सुमात्राहून उत्तरेकडे परतणारे मधुबाज तांजुंग तुआनच्या टोकाकडे झेपावत इथली सामुद्रधुनी ओलांडतात. गरम हवेच्या झोतांवर तरंगणाऱ्या या पक्ष्यांना पाण्यावर ते झोत मिळत नाहीत, म्हणून ते अरुंद पट्टा शोधतात आणि ऊन चढल्यावर, साधारण दहा-अकरानंतर निघतात. पलीकडून येताना थकून पाण्यालगत आलेला बाज पंख मारत किनारा गाठतो, ते दृश्य मी धक्क्यावरून नव्हे, याच जहाजाच्या कठड्यावरून पाहिले आहे. सिंगापूरहून संध्याकाळी निघालेली जहाजे हा भाग बहुधा रात्री पार करतात, म्हणून पोर्ट क्लांगला थांबणारी किंवा सागरी दिवस असलेली फेरी निवडणाऱ्यालाच ही संधी मिळते.

स्थलांतराच्या दिवसांत पहाटे उजाडताच सगळ्या उघड्या डेकवर एक फेरी मारावी. जहाजाच्या दिव्यांकडे ओढलेले लहान पक्षी रात्री उतरतात आणि खुर्च्यांखाली, दोरखंडांच्या वेटोळ्यांत बसलेले सापडतात. थकलेल्या पक्ष्याला हाताळू नये, तोंडात पाणी घालू नये; लोकांची वर्दळ तिकडे होणार नाही एवढे पाहावे आणि कर्मचाऱ्याला सांगावे. पक्षी डेकवर चालत असेल आणि उडू शकत नसेल, समुद्री पक्ष्यांचे पुष्कळदा असे होते, तर कर्मचाऱ्यांच्या मदतीने त्याला हवा खेळेल अशा पुठ्ठ्याच्या खोक्यात अंधारात ठेवावे आणि जहाजाचे दिवे मंद असलेल्या बाजूने रात्री सोडावे.

नोंदी त्याच दिवशी ईबर्डवर भराव्यात. समुद्रावर असताना प्रत्येक यादी एका तासाच्या आत बंद करून नवी सुरू करावी, कारण जहाज तासाभरात पंचवीस-तीस किलोमीटर पुढे जाते आणि लांब यादीतला पक्षी नेमका कुठे दिसला ते हरवते. मोबाइलमधले ठिकाण-निर्देशन समुद्रावर इंटरनेटशिवायही चालते. ॲपमधला मार्ग नोंदवण्याचा पर्याय तेवढा आधी चालू करून ठेवावा आणि बॅटरी संपू नये म्हणून पॉवर बँक डेकवर बरोबर न्यावी.